अमेरिकन पासपोर्ट आणि पुण्यात नोकरी: अमेरिकेचं विवरणपत्र कसं भरावं

बँकेत नवं खातं उघडताना केवायसीच्या कागदांत एक वेगळं पान असतं. जन्म कुठल्या देशात झाला, नागरिकत्व कुठलं, भारताखेरीज दुसऱ्या कुठल्या देशाचे करदाते आहात का, असे प्रश्न त्यावर असतात. बहुतेकांना ते पान भराभर भरून सही करता येते. पण आईवडील एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर न्यू जर्सीत असताना तुमचा जन्म झाला असेल, दोन-तीन वर्षांचे असताना तुम्ही पुण्याला आला असाल आणि आज हिंजवडीत नोकरी करत असाल, तर त्या पानावर थांबा. वीस वर्षं तिथे राहून, नागरिकत्व घेऊन, आईवडिलांसाठी परत आलेल्यांनीही थांबा. हा लेख या दोघांसाठी आहे.

अमेरिका आपल्या नागरिकांवर ते जगात कुठेही राहत असले तरी कर लावते. बाकी जवळपास सगळं जग ‘कुठे राहता’ हे पाहून कर लावतं. या नियमाला आव्हान दिलं गेलं होतं. मेक्सिको शहरात राहणाऱ्या एका अमेरिकन नागरिकाच्या खटल्यात, ‘कुक विरुद्ध टेट’मध्ये, तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९२४ साली हा कर वैध ठरवला. भारत-अमेरिका कर-करारातही अमेरिकेने आपल्या नागरिकांवर कर लावण्याचा हक्क राखून ठेवला आहे. त्यामुळे ‘करार आहे, मग आपल्याला काय करायचंय’ हा समज मनातून काढून टाका.

मात्र घाबरून जाऊ नका. भारतात पगारावर पूर्ण कर भरणाऱ्या माणसाला अमेरिकेत बहुतेक वेळा काहीच कर भरावा लागत नाही. तरीही विवरणपत्र आणि त्यासोबतचे माहितीचे फॉर्म भरावे लागतात. लोक अडचणीत येतात ते बहुतेक वेळा हे फॉर्म राहून गेल्यामुळे.

पायरी १: आपण यात येतो का ते पाहा

जन्माने नागरिक असा किंवा शपथ घेऊन झालेले, फरक नाही. ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्डामुळेही सुटका नाही, कारण ओसीआय हा भारताच्या नजरेत परदेशी नागरिकच असतो. ग्रीनकार्ड रीतसर परत न करता नुसतं कपाटात ठेवलं असेल, तर तुम्हालाही हेच नियम लागू आहेत.

मग उत्पन्नाची मर्यादा बघा. २०२५ या वर्षासाठी ६५ वर्षांखालच्या अविवाहित व्यक्तीचं जगभरातलं एकूण उत्पन्न १५,७५० डॉलर किंवा जास्त असेल तर विवरणपत्र भरावं लागतं. स्वतःचा व्यवसाय किंवा फ्रीलान्स काम असेल तर ४०० डॉलरचा निव्वळ नफासुद्धा पुरतो.

इथे एक नियम फार जणांना माहीत नसतो. तुमचं लग्न झालेलं असेल, जोडीदार भारतीय नागरिक असेल आणि तुम्ही ‘विवाहित, स्वतंत्र विवरणपत्र’ या प्रकारात येत असाल, तर मर्यादा फक्त ५ डॉलर आहे. बचत खात्यावरचं व्याजच तेवढं होतं. जोडीदाराला अमेरिकन करनिवासी मानून एकत्र विवरणपत्र भरण्याची मुभा आहे, पण मग त्याचं किंवा तिचं जगभरातलं उत्पन्नही आयआरएससमोर, म्हणजे अमेरिकेच्या कर-खात्यासमोर, जातं. भारतात दोघांचाही चांगला पगार असेल तर मी स्वतंत्रच भरा असं सांगेन. मूल तुमच्याजवळ राहत असेल आणि अमेरिकन नागरिक असेल, तर ‘कुटुंबप्रमुख’ हा जास्त सवलतीचा प्रकार मिळतो का, हेही तपासा.

पायरी २: कागद कॅलेंडर वर्षाप्रमाणे लावा

आपलं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च, तर अमेरिकेचं जानेवारी ते डिसेंबर. म्हणून एकट्या फॉर्म १६ वर काम भागत नाही. बाराही महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा काढा आणि जानेवारी ते डिसेंबरचा पगार व टीडीएस बेरजेला घ्या. बँकेकडून व्याजाचा दाखला मागताना ‘कॅलेंडर वर्षाचा’ असं स्पष्ट सांगा, नाहीतर हातात एप्रिल-मार्चचाच पडतो.

पगारासारख्या वर्षभर येणाऱ्या उत्पन्नासाठी आयआरएस प्रसिद्ध करतं तो वार्षिक सरासरी विनिमय दर वापरता येतो. फ्लॅट किंवा शेअर विकले असतील तर खरेदीच्या दिवशीचा दर आणि विक्रीच्या दिवशीचा दर असे दोन्ही घ्यावे लागतात. रुपया घसरलेला असल्यामुळे रुपयांत मोठा दिसणारा नफा डॉलरमध्ये बराच लहान होतो.

पायरी ३: उत्पन्न वगळायचं की भरलेल्या कराचं श्रेय घ्यायचं, ते ठरवा

संपूर्ण विवरणपत्रातला हा सगळ्यात महत्त्वाचा निर्णय आहे, म्हणून तो घाईत घेऊ नका.

पहिला रस्ता फॉर्म २५५५ चा. त्याने परदेशात कमावलेलं उत्पन्न ठरावीक रकमेपर्यंत वगळता येतं. २०२५ साठी ही रक्कम १,३०,००० डॉलर आणि २०२६ साठी १,३२,९०० डॉलर आहे. त्यासाठी सलग बारा महिन्यांत ३३० पूर्ण दिवस अमेरिकेबाहेर असायला हवं, किंवा पूर्ण कॅलेंडर वर्ष परदेशात खराखुरा रहिवास असायला हवा. ३३० दिवसांच्या कसोटीवर जाणार असाल तर उन्हाळ्यात बहिणीकडे काढलेले दीड महिने भारी पडतात. पासपोर्टावरचे शिक्के आणि विमानाची तिकिटं जपून ठेवा. वगळलं जातं ते फक्त मेहनतीचं उत्पन्न. व्याज, लाभांश, भाडं, पेन्शन, शेअरचा नफा यांना ही सवलत नाही.

दुसरा रस्ता फॉर्म १११६ चा. त्यात उत्पन्न पूर्ण दाखवायचं आणि त्यावर भारतात भरलेला कर अमेरिकेच्या करातून वजा करायचा; यालाच कराचं श्रेय म्हणतात.

एक उदाहरण घेऊ. पुण्यात एका अविवाहित तरुणीला वर्षाला २५ लाख रुपये पगार आहे. सोयीसाठी डॉलर ८५ रुपयांचा धरू आणि दोन देशांच्या वर्षांतला फरक बाजूला ठेवू. तिचा पगार झाला सुमारे २९,४०० डॉलर. प्रमाणित वजावट १५,७५० डॉलर गेली की करपात्र उरतात साधारण १३,६५० डॉलर आणि त्यावर अमेरिकेचा कर होतो १,४०० डॉलरच्या आसपास. भारतात २०२५-२६ च्या नव्या कर-पद्धतीने तिने उपकरासह ३,१९,८०० रुपये, म्हणजे सुमारे ३,७६० डॉलर भरले. अमेरिकेचा कर पूर्ण पुसला गेला आणि वर २,३६० डॉलरचं श्रेय शिल्लक राहिलं. हे श्रेय एक वर्ष मागे आणि दहा वर्षं पुढे नेता येतं. उद्या तिची बदली दुबईला झाली, जिथे पगारावर आयकर नाही, तर तिथल्या पगारावरच्या अमेरिकन करासाठी ही शिल्लक तिच्या कामी येऊ शकते.

फॉर्म २५५५ भरला असता तरी कर शून्यच आला असता, पण शिल्लक काही उरली नसती, कारण वगळलेल्या उत्पन्नावर भरलेल्या कराचं श्रेय मिळत नाही. शिवाय फॉर्म २५५५ वापरला की मुलांसाठीच्या सवलतीतला रोख परतावा मिळणारा भाग जातो. म्हणून भारतात भरपूर कर भरणाऱ्याने आधी १११६ चं गणित मांडावं, असं माझं स्पष्ट मत आहे. कर नसलेल्या किंवा अगदी कमी असलेल्या देशात २५५५ बरा. एकदा २५५५ घेऊन मग सोडला, तर पुढची पाच वर्षं आयआरएसच्या परवानगीशिवाय तो परत घेता येत नाही, हेही लक्षात असू द्या.

फ्रीलान्सरसाठी एक कटू गोष्ट. स्वतःच्या व्यवसायाच्या नफ्यावरचा १५.३ टक्क्यांचा सोशल सिक्युरिटी व मेडिकेअरचा कर या दोन्ही फॉर्मांनी टळत नाही. काही देशांशी अमेरिकेचा सामाजिक सुरक्षेचा करार आहे, तिथे हा दुहेरी भार टळतो. भारताशी तसा करार नाही. भारतीय कंपनीतल्या पगारदाराला मात्र हा कर लागत नाही.

पायरी ४: भारतातली ‘सुरक्षित’ बचत पुन्हा तपासा

पीपीएफचं व्याज आपल्याकडे करमुक्त आहे, अमेरिकेत नाही. ते दरवर्षी व्याज म्हणून दाखवायचं. भारतात त्यावर काही कर भरलेलाच नसतो, त्यामुळे त्याच्यापोटी श्रेयही नाही.

त्याहून जड प्रकरण म्युच्युअल फंडांचं. भारतीय म्युच्युअल फंड अमेरिकेच्या कायद्यात ‘पीएफआयसी’ (पॅसिव्ह फॉरेन इन्व्हेस्टमेंट कंपनी) या वर्गात मोडतात आणि प्रत्येक फंडासाठी स्वतंत्र फॉर्म ८६२१ लागतो. वेळेत योग्य पर्याय निवडला नसेल, तर विक्रीचा नफा फंड जितकी वर्षं जवळ होता त्या सगळ्या वर्षांवर वाटला जातो, मागच्या वर्षांच्या वाट्याला त्या-त्या वर्षीचा सर्वांत वरचा दर लागतो आणि वर व्याज चढतं. अशा सगळ्या गुंतवणुकीची एकूण किंमत वर्षअखेरीस २५,००० डॉलरपेक्षा जास्त नसेल आणि त्या वर्षी काही विकलेलं नसेल, तर सहसा फॉर्ममधून सूट मिळते. पण एसआयपी दहा वर्षं चालली की ही मर्यादा कधी ओलांडली ते कळतही नाही. एसआयपी सुरू करायच्या आधीच हे वाचत असाल, तर सुरू करू नका. थेट शेअर घ्या, एफडी ठेवा. त्यांना हा त्रास नाही.

बाबांकडून फ्लॅट किंवा पैसे वारशाने आले आणि भारतीय नातेवाइकांकडून वर्षभरात मिळालेल्या अशा भेटी व वारसा मिळून १ लाख डॉलरवर गेला, तर फॉर्म ३५२० भरा. कर नाही, नुसती माहिती आहे. पण न भरल्याचा दंड मिळालेल्या रकमेच्या टक्केवारीत मोजला जातो. घरच्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत १० टक्के किंवा जास्त वाटा असेल, तर फॉर्म ५४७१ साठी जाणकार माणूस गाठा. तो घरी बसून भरायचा फॉर्म नव्हे.

पायरी ५: एफबार भरा

एफबार म्हणजे अमेरिकेबाहेरच्या बँक व इतर आर्थिक खात्यांची माहिती देणारा फॉर्म. हा विवरणपत्राचा भाग नाही. तो वेगळ्या कार्यालयाकडे, अमेरिकी ट्रेझरीच्या ‘फिनसेन’कडे, फॉर्म ११४ म्हणून ऑनलाइन भरायचा असतो आणि तो मोफत आहे. अमेरिकेबाहेरच्या तुमच्या सगळ्या खात्यांची मिळून शिल्लक वर्षात एखाद्या दिवशी जरी १०,००० डॉलरवर गेली, तरी प्रत्येक खातं दाखवावं लागतं. त्यात हजार रुपये पडून असलेलं जुनं खातंही आलं.

‘सगळ्या खात्यां’त काय काय येतं ते कागदावर लिहून काढा: पगाराचं खातं, एफडी, सहकारी बँकेतल्या ठेवी, डिमॅट, पीपीएफ, रोख मूल्य असलेली विमा पॉलिसी. आईच्या एफडीवर दुसरं नाव तुमचं असेल तर तीही, आणि तीसुद्धा पूर्ण रकमेने. सोसायटीचे खजिनदार म्हणून चेकवर सही करत असाल, तर सोसायटीचं खातंसुद्धा. भारतात परतल्यावरच्या पहिल्या वर्षी मी आईसोबतचं खातं विसरलो होतो. पैसे तिचे, व्यवहार तिचा, म्हणून ते माझं वाटलंच नाही. नंतर दुरुस्ती भरली. प्रत्येक खात्याची वर्षातली सर्वाधिक शिल्लक घ्या आणि अमेरिकी ट्रेझरीच्या ३१ डिसेंबरच्या दराने डॉलर करा.

हा फॉर्म चुकून राहिला तरी कायद्यात १०,००० डॉलरपर्यंत दंड आहे आणि महागाईनुसार ती रक्कम वाढत गेली आहे. जाणूनबुजून लपवल्यास दंड खात्यातल्या शिल्लकेच्या निम्म्यापर्यंत जाऊ शकतो. रोमानियात जन्मलेले आणि अमेरिकन नागरिक झाल्यावर मायदेशी परतलेले बिटनर यांच्याकडे सरकारने २७ लाख २० हजार डॉलर मागितले होते, खात्यागणिक दंड लावून. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने चुकून राहिलेल्या फॉर्मचा दंड खात्यागणिक नव्हे, दरवर्षीच्या फॉर्मगणिक लागतो असा निकाल दिला आणि रक्कम ५०,००० डॉलरवर आली. परतून गेलेल्या माणसाची ही गोष्ट आपल्याला फार जवळची आहे.

फॉर्म ८९३८ हा याचा भाऊ. तो विवरणपत्रासोबत जातो. परदेशात राहणाऱ्या एकट्यासाठी वर्षअखेरीस २ लाख किंवा वर्षात कधीही ३ लाख डॉलरच्या वर परदेशी आर्थिक मालमत्ता असेल तरच तो लागतो. स्वतःच्या नावावरचा फ्लॅट आणि घरातलं सोनं या दोन्ही फॉर्मांत दाखवायचं नसतं. बँकेतल्या त्या केवायसीच्या पानाचा धागा इथे जुळतो: २०१५ च्या करारानुसार भारतीय बँका अमेरिकन खातेदारांची माहिती आपल्या आयकर खात्यामार्फत अमेरिकेला देतात.

पायरी ६: तारखा

१५ एप्रिल ही मूळ तारीख. परदेशात राहणाऱ्यांना न मागता १५ जूनपर्यंत मुदत मिळते, पण कर निघत असेल तर व्याज १५ एप्रिलपासूनच लागतं. मुदतवाढीचा फॉर्म ४८६८ भरला की १५ ऑक्टोबर. एफबारलाही आपोआप १५ ऑक्टोबरपर्यंत मुदत आहे. भारतातलं विवरणपत्र जुलैमध्ये भरून झालं की आकडे हाताशी असतात, म्हणून मी ऑक्टोबरची मुदत मागून घेतो.

पायरी ७: आजवर काहीच भरलं नसेल तर

वरच्या उदाहरणातल्या पुण्याच्या तरुणीला हे सगळं आजच कळलं असेल, तर तिच्यासाठी ‘स्ट्रीमलाइन्ड फॉरेन ऑफशोअर’ ही योजना आहे. मागच्या तीन वर्षांची विवरणपत्रं आणि सहा वर्षांचे एफबार एकत्र भरायचे आणि निघत असेल तो कर व व्याज द्यायचं. अटी पुऱ्या झाल्या तर दंड माफ होतो. त्या तीनपैकी किमान एका वर्षी ३३० पूर्ण दिवस अमेरिकेबाहेर असायला हवं आणि तिथे घर नसावं. सोशल सिक्युरिटी नंबर लागतो. जन्म तिथे झाला असेल तर आईच्या जुन्या फायलींत ते निळसर कार्ड शोधा. आयआरएसने तुमची चौकशी आधीच सुरू केली असेल, तर मात्र ही दारं बंद होतात.

सोबत फॉर्म १४६५३ वर लिहून द्यावं लागतं की हे जाणूनबुजून झालं नाही. तिथे कुणाकडून तरी आणलेला ठरावीक मजकूर चिकटवू नका. कधी परतलात, घरात याबद्दल कुणाला काय माहीत होतं, कुठल्या दिवशी आणि कशावरून पहिल्यांदा कळलं, हे स्वतःच्या शब्दांत, तारखांसकट लिहा. ते निवेदन खोट्या साक्षीच्या शिक्षेची जाणीव ठेवून केलेलं असतं, म्हणून सही करण्याआधी त्यातलं प्रत्येक वाक्य बँकेच्या कागदांशी, त्या केवायसीच्या पानावर तुम्ही काय उत्तर दिलं होतं त्याच्याशीसुद्धा, ताडून पाहा.