वसाहतोत्तर सिद्धान्त वर्गात नेताना

'वसाहत' म्हटल्यावर डोळ्यांसमोर काय येतं, असं मी एम.ए.च्या पहिल्या तासाला विचारते. उत्तरं दरवर्षी तीच येतात: औद्योगिक वसाहत, पोलीस वसाहत, कामगार वसाहत. मराठीत हा शब्द तसा निरुपद्रवी. माणसं राहायला आली, घरं उठली, वसाहत झाली. मग मी फळ्यावर 'वसाहतवाद' लिहिते आणि वर्ग गोंधळतो. तो गोंधळ मला हवा असतो. कोणाच्या जमिनीवर कोण येऊन वसलं आणि आधी तिथं कोण होतं, हा प्रश्न त्या साध्या शब्दातच बसलेला आहे.

सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी इंग्रजी साहित्य शिकवते. आधी काही वर्षं तासिका तत्त्वावर, नंतर कायम. नुकतेच एम.ए.ला आलेले, किंवा सेट-नेट होऊन वसाहतोत्तर सिद्धान्ताचा, म्हणजे वसाहतवादानं माणसं, भाषा आणि साहित्य कसं घडवलं याचा, पेपर पहिल्यांदा हातात पडलेले जे कोणी असतील, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

पहिल्या वर्षी मी हा पेपर चुकीचा शिकवला. ज्या क्रमानं मला शिकवलं गेलं होतं, त्याच क्रमानं मी गेले, आधी या विषयातले सिद्धान्तकार: फॅनन, सईद, स्पिव्हाक, भाभा. व्याख्या लिहून दिल्या. मुलांनी त्या इमानेइतबारे उतरवून घेतल्या. सेमिस्टरच्या शेवटी उत्तरपत्रिका तपासायला बसले तर प्रत्येकीत 'मिमिक्री' (राज्यकर्त्याची नक्कल), 'हायब्रिडिटी' (संस्कृतींची सरमिसळ), 'द अदर' (दुसरा, परका) हे शब्द जागच्या जागी होते आणि कादंबरी कुठंच नव्हती. कादंबरी वाचायचं कारणच मी त्यांना दिलं नव्हतं. सिद्धान्त आधी दिला की तो उत्तरसूची होऊन बसतो. मग पुस्तकातून फक्त त्याला जुळणारी वाक्यं वेचायची उरतात.

दुसऱ्या वर्षापासून पहिले तीन आठवडे सिद्धान्ताचं नावही काढायचं नाही असं ठरवलं. फक्त चिनुआ अचेबे यांची 'थिंग्ज फॉल अपार्ट'. 1958 साली आलेली ही कादंबरी जेमतेम दीडदोनशे पानांची आहे, इंग्रजी सोपं आहे, आणि वर्गात मोठ्यानं वाचता येते. नायजेरियातल्या इग्बो लोकांचं गाव, ओकोंक्वो नावाचा कष्टाळू आणि तापट माणूस, आणि पुस्तक बरंच पुढं गेल्यावर येणारे गोरे मिशनरी. पाहुण्यापुढं कोलाचं फळ ठेवायची रीत वाचताना कोणीतरी पानसुपारी म्हणतंच. पण खरी ओळख पटते ती तिसऱ्या प्रकरणात. ओकोंक्वो एका सधन माणसाकडून यामच्या कंदांचं बियाणं मागून आणतो आणि त्याच वर्षी पाऊस दगा देतो. आधी कोरड, मग नको तेवढा पाऊस. त्या हंगामात गावातला एक माणूस झाडाच्या फांदीला कापड बांधून गळफास घेतो. अचेबे हे एका वाक्यात सांगून पुढं जातात. आमच्या वर्गात ते वाक्य वाचल्यावर लगेच पुढं जाता येत नाही. तिथं थांबा. वेळापत्रकाची काळजी नंतर करा.

मग शेवटचा परिच्छेद. ओकोंक्वोनंही गळफास घेतलेला आहे. जिल्ह्याचा इंग्रज कमिशनर ते पाहतो आणि त्याच्या मनात येतं की आपण जे पुस्तक लिहिणार आहोत त्यात या माणसावर एक प्रकरण होईल, किंवा प्रकरण नको, बरासा एक परिच्छेद पुरे. आपण पंचवीस प्रकरणं या माणसाबरोबर काढलेली असतात. मुलांना राग येतो. पुष्कळदा खराखुरा, आवाज चढवणारा राग. एडवर्ड सईद यांचं 'ओरिएंटॅलिझम' मी याच दिवशी काढते. 1978 सालच्या त्या पुस्तकाचा गाभा आता फार समजावून द्यावा लागत नाही: दुसऱ्याबद्दल लिहिण्याचा अधिकार ज्याच्याकडं असतो, त्याच्या लिहिण्यातूनच तो 'दुसरा' घडवला जातो, आणि ते ज्ञान राज्य चालवायला कामी येतं. कमिशनरचा परिच्छेद वाचलेल्या मुलाला हे पाठ करावं लागत नाही.

कमिशनरच्या नियोजित पुस्तकाच्या नावात 'पॅसिफिकेशन' हा शब्द आहे. मराठीत काय म्हणाल, असं विचारलं तर कोणी शांतता प्रस्थापित करणं म्हणतं, कोणी शांत करणं. एका वर्षी मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, तसं आमच्याकडं 'सेटलमेंट' आहे." सोलापुरात सेटलमेंट हे आजही वस्तीचं नाव आहे. 1871 साली आलेल्या गुन्हेगार जमाती कायद्यानं अख्ख्या जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या, आणि पुढं त्यातल्या काहींना इथं तारेच्या कुंपणात ठेवलं. हजेरी द्यायची, परवानगीशिवाय बाहेर पडायचं नाही. ही माणसं 31 ऑगस्ट 1952 रोजी मोकळी झाली, म्हणजे देश स्वतंत्र झाल्यावर पाच वर्षांनी. त्या मुलीनं आपल्या आजीनं सांगितलेली हजेरीची हकीकत सांगितली. मी बाजूला खुर्चीवर बसून ऐकलं. त्यानंतर आम्ही लक्ष्मण गायकवाडांच्या 'उचल्या' या आत्मकथनाकडं वळलो. तो पेपरात नेमलेला नव्हता. तरी घेतला, कारण सत्तेच्या नोंदवहीतला तो परिच्छेद आतून, आपल्या भाषेत, पुस्तकभर लिहिला की काय होतं ते तिथं दिसतं.

इथपर्यंत सिद्धान्त आपल्या बाजूनं चालतो. आता अवघड भाग. माझ्या मते या विषयातला महाराष्ट्रातल्या शिक्षकासाठी सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे.

अचेबेंच्या त्या गावात 'ओसू' नावाचे लोक आहेत. देवाला वाहिलेले, म्हणून गावाबाहेरचे. त्यांनी इतरांत लग्न करायचं नाही, मानाच्या सभेला यायचं नाही, केस कापायचे नाहीत. चर्च उभं राहतं तेव्हा दोन ओसू आत येतात. आधीच ख्रिस्ती झालेले लोकच त्यांना विरोध करतात. तिथला धर्मोपदेशक, जो स्वतः आफ्रिकीच आहे, ठाम राहतो, आणि ते दोघं आपले वाढलेले केस उतरवतात. हे प्रकरण झालं त्या दिवशी एक मुलगा उभा राहिला. "मॅडम, ओसूंना विचारलं असतं तर इंग्रज आले ते वाईट झालं असं ते म्हणाले असते का?"

माझ्या टाचणांत याचं उत्तर नव्हतं. मी म्हटलं, उद्या बोलू. आणि दुसऱ्या दिवशी मुक्ता साळवे यांचा निबंध घेऊन गेले. फुल्यांच्या शाळेतली, मांग समाजातली ही मुलगी. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध 1855 साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला, आणि 'ज्ञानोदय' होतं अमेरिकन मिशनऱ्यांचं नियतकालिक. पेशवाईतले हाल ती सांगते, आणि आमचा धर्म तरी कोणता, असं थेट देवाला विचारते. ओसूंचे केस आणि मुक्ताचा निबंध शेजारी शेजारी ठेवून पाहा. 1873 साली आलेली 'गुलामगिरी' जोतीरावांनी अमेरिकेतल्या गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली, हेही त्याच दिवशी सांगा. अर्पणपत्रिकेतही विचार असतो.

वसाहतोत्तर लेखनात 'आपण' हा शब्द फार चटकन येतो. आपल्यावर राज्य केलं, आपली भाषा हिरावली. महाराष्ट्रात हा 'आपण' एकसंध कधीच नव्हता. पण याचा अर्थ इंग्रजी राज्य उपकारक होतं असा काढणंही तितकंच चूक आहे, कारण तारेचं कुंपण त्याच राज्यानं घातलं. गौरी विश्वनाथन यांनी 1989 सालच्या 'मास्क्स ऑफ कॉन्क्वेस्ट'मध्ये दाखवलं आहे की इंग्रजी साहित्य हा अभ्यासविषय इंग्लंडच्या आधी हिंदुस्थानात रुजला, आणि त्यामागं राज्य टिकवण्याचा हिशेब होता. मला ते पटतं. मुक्ताचा निबंधही खरा आहे. विद्यार्थ्यांना दोन्ही द्या आणि घाईनं मेळ घालून देऊ नका.

भाषेबद्दल थोडं. केनियाचे लेखक न्गुगी वा थिओंगो यांना 1977 च्या अखेरीस तुरुंगात टाकलं, ते गिकुयू या आपल्या मातृभाषेत लोकांबरोबर केलेल्या नाटकानंतर. तुरुंगात त्यांनी शौचालयातल्या कागदावर गिकुयूत कादंबरी लिहिली. त्यांच्या शाळेत गिकुयू बोलताना सापडलेल्या मुलांच्या गळ्यात 'मी गाढव आहे' अशा अर्थाची पाटी अडकवत, हे 1986 सालच्या 'डीकलोनायझिंग द माइंड'मध्ये आहे. हे वाचल्यावर इंग्रजी माध्यमातून आलेली मुलं मराठी बोलल्याबद्दल भरलेला दंड सांगू लागतात. माझ्या वर्गात चर्चा मराठीत होते, उत्तर इंग्रजीत लिहिलं जातं. याची लाज वाटून घेऊ नका. मराठीतून विचार पक्का झाला की इंग्रजी वाक्य आपोआप सरळ होतं. मात्र पारिभाषिक शब्दांना ओढूनताणून प्रतिशब्द देत बसू नका. 'सबाल्टर्न'ला मी 'वंचित' म्हणत असे, पण ज्याचं म्हणणं ऐकू जाण्याची वाटच बंद आहे, ही 'सबाल्टर्न'मधली खोच 'वंचित'मध्ये येत नाही. आता सबाल्टर्नच म्हणते.

स्पिव्हाक यांचा 1988 चा 'कॅन द सबाल्टर्न स्पीक?' हा निबंध नवख्याला दमवतो. तो शेवटाकडून वाचा. 1926 साली कलकत्त्यात भुवनेश्वरी भादुरी या तरुणीनं गळफास घेतला. ती सशस्त्र क्रांतिकारकांच्या गटात होती आणि तिच्यावर सोपवलेलं काम तिच्यानं होत नव्हतं. आपल्या मरणाचा अर्थ लोक अनैतिक संबंधांशी जोडतील हे ओळखून ती मासिक पाळीची वाट पाहत थांबली. तरीही लोकांनी तोच अर्थ लावला. हे एकदा वाचलं की आधीची अवघड पानं कशासाठी लिहिली आहेत ते कळतं.

पीएच.डी.चा विषय शोधत असाल तर 'अमुक लेखक: वसाहतोत्तर दृष्टिकोन' असं शीर्षक घेऊ नका. त्यात निष्कर्ष आधीच ठरलेला असतो. एखादा प्रसंग, एखादा शब्द, एखादं भाषांतर घ्या.

ट्यूटोरियलला मी सध्या एकच काम देते. सोलापूरचं जुनं गॅझेटिअर, म्हणजे इंग्रज सरकारनं काढलेला जिल्ह्याचा माहितीग्रंथ, 1884 चा खंड, इंटरनेटवर मिळतो. त्यात जातीजमातींबद्दल परिच्छेदच्या परिच्छेद आहेत: अमुक लोक मेहनती, अमुक अस्वच्छ, अमुक भांडखोर. आपल्या समाजाचा किंवा गावाचा परिच्छेद शोधायचा, मराठीत उतरवायचा, आणि त्याच्या पुढं आपली चार पानं लिहायची. अट एवढीच की घरातल्या किंवा गल्लीतल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला तो परिच्छेद आधी वाचून दाखवायचा, आणि ते जे बोलतील ते त्यांच्याच शब्दांत त्या चार पानांत आलं पाहिजे.