बाळाची कार सीट: तोंड मागच्या काचेकडेच

तान्ह्या बाळाचं डोकं अंगाच्या मानाने जड आणि मान कोवळी. समोरून धडक बसली की पुढे तोंड करून बसलेल्या बाळाचं डोकं पुढे फेकलं जातं आणि सगळा ताण मानेवर येतो. तोंड मागे असेल तर सीटची पाठ डोकं, मान, पाठ एकदम झेलते. पहिला वाढदिवस झाला म्हणून सीट फिरवू नका. युरोपच्या आर १२९ नियमात किमान १५ महिने सांगितलेत. सीटवर छापलेली वजन-उंचीची मर्यादा येईपर्यंत थांबणं उत्तम. पाय दुमडतात, त्याची काळजी नको.

सीट मागच्या बाकावर बसवा. चालू एअरबॅगसमोर ती कधीच नको. फुगणारी एअरबॅग थेट बाळाच्या डोक्यामागे आदळते. आयसोफिक्स (गाडीच्या बाकातल्या लोखंडी कड्यांना सीट अडकवायची सोय) असेल तर दोन्ही खटके ऐका. गाडीच्या बेल्टने बांधत असाल तर सीटवर भार देऊन बेल्ट ओढा. मग गाडीचा बेल्ट सीटमधून जातो तिथेच सीट धरून हलवा: अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त सरकली तर पुन्हा बांधा.

हार्नेसचे, म्हणजे बाळाला बांधायचे सीटचेच पट्टे खांद्याच्या रेषेत किंवा जरा खालून यावेत. खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरा. घडी पकडता आली तर तो सैल आहे. जाड स्वेटर काढूनच बांधा, धडकेत तो दबतो आणि पट्टा ढिला पडतो. दुपटं वरून पांघरा. नवजात बाळाची हनुवटी छातीला टेकत असेल तर सीट जरा जास्त आडवी कलवा, नाहीतर श्वास अडू शकतो.

आणि आजीची मांडी कितीही मायेची असली, तरी धडकेत बाळ हातात राहत नाही.