परागकण उशीपर्यंत पोचूच देऊ नका

दिवसभर बाहेर हुंदडणारं मूल रात्री अंथरुणात पडलं की सटासट शिंकायला लागतं, तळहाताने नाक वर चोळत राहतं. ही परागकणांची ॲलर्जी असू शकते. अशा वेळी आधी त्याचे केस पाहा. केसांत अडकलेले परागकण उशीवर उतरतात आणि रात्रभर नाकाशी राहतात.

फुलोऱ्याच्या दिवसांत एवढं करा:

१. बाहेरून आल्यावर कपडे झोपायच्या खोलीबाहेरच काढून थेट धुवायला टाका. घरात झटकू नका.

२. हात-तोंड धुवा. डोळे खाजत असतील तर गार पाण्याची घडी ठेवा. चोळले की खाज वाढतेच.

३. आंघोळ सकाळऐवजी झोपण्यापूर्वी, केसांवरून. रोज केस धुवायला मूल कुरकुरत असेल (कुरकुरणारच!) तर ओला पंचा पिळून केसांवरून फिरवा. भुवया आणि कानामागची जागा हमखास राहून जाते. लांब केस बाहेर जाताना वेणीत बांधलेले बरे.

४. अभ्रे आणि चादरी घरातच वाळवा. बाहेरच्या दोरीवर त्यांच्यावर पुन्हा परागकण बसतात आणि सगळी मेहनत वाया.

ॲलर्जीचं औषध चालू असेल तर ते यामुळे बंद करू नका. आणि मुलाला धाप लागत असेल, छातीतून शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता लगेच डॉक्टरांकडे न्या.