गुदाशयातली गाठ रोबोटने काढायची म्हणतायत? त्याआधी आणि नंतर काय काय बघायचं

कोलोनोस्कोपीत गुदाशयात पॉलिप (आतल्या अस्तरावर वाढलेला कोंब) किंवा छोटी गाठ निघाली आणि डॉक्टर म्हणाले की रोबोटने काढू, की घरात लगेच चर्चा सुरू होते, कुठलं हॉस्पिटल, किती खर्च, मशीन नवीन आहे का. ते सगळं बघायचंच, पण त्याच्या आधीचा प्रश्न असा की ही गाठ खालून, म्हणजे शौचाच्या जागेतून, नुसती काढून भागेल का? याचं उत्तर मशीन देत नाही, एमआरआय आणि बायोप्सी देते, त्यामुळे फाइल घेऊन बसा आणि तिथून सुरुवात करा.

आधी ऑपरेशन काय असतं ते सांगते. पोटावर चीर नसते. शौचाच्या जागेतून एक मऊ पोर्ट बसवतात, कार्बन डायऑक्साइडने आतली जागा फुगवतात आणि त्यातून कॅमेरा आणि बारीक हत्यारं आत जातात. जर्मनीत गेरहार्ड ब्यूस यांनी १९८३ च्या सुमारास असं खालून ऑपरेशन करायची पद्धत आणली, मग २००९ मध्ये अमेरिकेत साधी लॅप्रोस्कोपीची (दुर्बिणीच्या ऑपरेशनची) हत्यारं वापरून हेच खालून करायचं ऑपरेशन सुरू झालं, त्याला टॅमिस म्हणतात, आणि रोबोट त्याच्यावर नंतर आला. रोबोट स्वतःहून काही कापत नाही बरं का, सर्जन शेजारच्या कन्सोलवर बसून रोबोटचे हात चालवतात. फायदा हा की हत्यारांची टोकं मनगटासारखी वळतात, त्यामुळे त्या अरुंद जागेत टाके घालणं सोपं जातं. पण साध्या टॅमिसपेक्षा रोबोटने कॅन्सर जास्त बरा होतो असं काही सिद्ध झालेलं नाही, तेव्हा रोबोट नाही म्हणून चांगला अनुभवी सर्जन सोडू नका.

आता रिपोर्ट. कॅन्सर नसलेला मोठा पॉलिप असेल तर आधी विचारा की एंडोस्कोपीनेच अख्खा निघेल का, पुण्यात असं काम करणारे गॅस्ट्रोचे डॉक्टर आहेत. कॅन्सर असेल तर खालून काढायला साधारण टी-१ म्हणजे अगदी वरच्या थरातलाच चालतो, आकार ३ सेंटीमीटरच्या आत, आतल्या घेराच्या ३० टक्क्यांपेक्षा कमी भाग व्यापलेला, हलणारी गाठ, आणि एमआरआयमध्ये आजूबाजूच्या लसिका ग्रंथी सुजलेल्या नकोत. कारण खालून फक्त गाठ निघते, ग्रंथी तिथेच राहतात! गाठ खोल गेली असेल तर गुदाशय आणि भोवतीची चरबी ग्रंथींसकट काढायचं मोठं ऑपरेशन लागतं, काही वेळा आधी रेडिएशन, आणि तिथे लहान ऑपरेशनचा हट्ट धरण्यात काही अर्थ नाही. बायोप्सीत कॅन्सर नाही असं आलं तरी निर्धास्त होऊ नका, तुकडा गाठीच्या एका कोपऱ्याचा असतो, पूर्ण निदान अख्खी गाठ तपासल्यावरच होतं.

सर्जनना विचारायचं ते कागदावर लिहून न्या, ओपीडीत गर्दीत हमखास विसरायला होतं. गाठ शौचाच्या तोंडापासून किती सेंटीमीटरवर आहे, पुढच्या भिंतीवर आहे की मागच्या, आतड्याच्या भिंतीची पूर्ण जाडी काढणार ना, आणि गाठ एकसंध काढणार की तुकड्यात. हा शेवटचा प्रश्न सगळ्यात मोलाचा. तुकडे झाले की कडा स्वच्छ, म्हणजे गाठीच्या पेशींशिवाय, निघाल्या का ते पॅथॉलॉजिस्टला नीट सांगता येत नाही. माझ्या काकांच्या वेळी सर्जननी काढलेला भाग फोमच्या तुकड्यावर ताणून टाचण्यांनी चारी बाजूंनी लावला होता, वरची बाजू कुठली तेही लिहिलं होतं, आणि तसाच लॅबला पाठवला, आम्हाला फोटो दाखवला तेव्हा एवढ्या टाचण्या कशाला ते कळलं.

पैशांचं पटकन सांगते. विमा नियामकाने २०१९ मध्ये सांगितलंय की रोबोटिक सर्जरी पॉलिसीतून सरसकट वगळता येणार नाही, पण मर्यादा घालता येते, म्हणून टीपीए डेस्कला (हॉस्पिटलमधलं विम्याचं काम बघणारं काउंटर) आपल्या पॉलिसीतली रक्कम विचारा आणि रोबोटच्या हत्यारांचा चार्ज एस्टिमेटमध्ये वेगळा लिहून मागा.

रक्त पातळ करायच्या गोळ्या, शुगरच्या गोळ्या चालू असतील तर भूलतज्ज्ञांना आधीच सांगा, मनाने बंद करू नका. पोट साफ करायचं औषध किंवा एनिमा देतात. साताऱ्याहून, नगरहून येणाऱ्यांनी ते औषध घेऊन एसटीत बसू नका, आदल्या दिवशीच पुण्यात मुक्काम करा.

नंतर बहुतेक जण एक-दोन दिवसांत घरी जातात. थोडं रक्त जाणं, गॅस धरून न ठेवता येणं हे काही दिवस चालतं, सहसा आपोआप कमी होतं. मऊ भात, वरण, ताक, भरपूर पाणी, इसबगोल सांगितला तर तो, कुंथायचं नाही, मिसळ आणि खड्ड्यातून टू-व्हीलर दोन्ही डॉक्टर हो म्हणेपर्यंत बंद. ताप आला, ओटीपोटात दुखायला लागलं, लघवी अडली किंवा रक्त थांबेना तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच कॅज्युअल्टी गाठा, आतले टाके सुटलेले असू शकतात.

मग पॅथॉलॉजीचा रिपोर्ट येतो आणि खरा निर्णय तेव्हा होतो. कडा, गाठ किती खोल गेलीय, रक्तवाहिन्यांत किंवा लसिकावाहिन्यांत पेशी शिरल्यात का, पेशी किती आक्रमक, हे चार मुद्दे बघा. यात काही वाईट निघालं तर पुढचं मोठं ऑपरेशन सुचवतील, त्याचा अर्थ पहिलं फसलं असा नाही, गाठ किती खोल आहे ते आता नक्की कळलं एवढाच. कॅन्सर निघाला आणि सगळं चांगलं असलं तरी पहिली दोन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी आतून तपासणी असते, ती चुकवू नका. सेकंड ओपिनियनला परळला टाटाला जायचं असेल तर लॅबमधून स्लाइड आणि ब्लॉक (मेणात बसवलेला गाठीचा तुकडा) दोन्ही मागून घ्या, नुसत्या रिपोर्टच्या झेरॉक्सवर ते परत तपासू शकत नाहीत.