इंदूरला नवीन आलात ना, आधी खोली बघा, मग झेडलिब

दर पावसाळ्यात आपल्याकडची, नाशिक-जळगाव-लातूरकडची पाच-सहा मुलं-मुली हवामानाच्या डेटावर काम करायला इथे येतात आणि पहिल्या महिन्यात दोनच गोष्टींसाठी मला फोन करतात, ताई खोली कुठे बघू आणि ताई नेटसीडीएफ (हवामानाचा डेटा साठवायचा फाइल-फॉरमॅट आणि तो वाचणारी-लिहिणारी लायब्ररी) बिल्ड होत नाहीये, म्हणजे कोडपासून मशीनवर तयार होत नाहीये. मी इथे येऊन चौदा वर्षं झाली, तर दोन्हींचं एकदाच लिहून ठेवते.

खोलीचं पटकन सांगते. भंवरकुआच्या आसपास बघा, विद्यापीठाचा तक्षशिला परिसर जवळच आणि आयआयटीला, म्हणजे सिमरोलला जाणारा खंडवा रोडही तिथूनच. घरच्यासारखं वातावरण हवं असेल तर राजेंद्र नगर, लोकमान्य नगर, तिकडे मराठी घरं भरपूर आहेत, गणपतीत तर करमणार नाही असं होतच नाही. सकाळी पोह्यांवर शेव आणि जीरावन (इथला मसाला) घालून देतात, आठवडाभर नाक मुरडाल, मग घरी गेल्यावर तेच आठवेल. कोणी ‘भिया’ म्हणून हाक मारली तर ती आपुलकीची असते.

आता मुख्य काम. लॅबच्या सर्व्हरवर तुम्हाला सुडो (अ‍ॅडमिनचे अधिकार) मिळणार नाही, आणि मागूही नका, तिथे वीसजण काम करतात. आपल्या होम डिरेक्टरीत ‘लायब्ररी’ नावाचं एक फोल्डर करा आणि सगळं, अगदी सगळं, त्यातच इन्स्टॉल करा. खाली सांगते त्या चारही पॅकेजना कॉन्फिगर करताना प्रिफिक्स (कुठे इन्स्टॉल करायचं तो पत्ता) तोच द्यायचा. डब्ल्यूआरएफ (हवामानाचं मॉडेल) चालवणार असाल तर त्याला नेटसीडीएफचं सी आणि फोर्ट्रान दोन्ही एकाच ठिकाणी लागतं, तो प्रश्नही यातच सुटतो.

क्रम असा: झेडलिब, मग एचडीएफ५ (मोठा डेटा साठवायचा फॉरमॅट आणि त्याची लायब्ररी), मग नेटसीडीएफ-सी, शेवटी नेटसीडीएफ-फोर्ट्रान. हा क्रम का ते समजून घ्या म्हणजे पाठ करावा लागणार नाही. २००८ पासून आलेला नेटसीडीएफ-४ फॉरमॅट आतून एचडीएफ५ चीच फाइल असतो, त्यामुळे एचडीएफ५ नसेल तर वरचा मजला उभाच राहत नाही, आणि एचडीएफ५ ला डेटा दाबून ठेवायला झेडलिब लागतं. फोर्ट्रानचा भाग सी-च्या लायब्ररीवर नुसता चढवलेला थर आहे, म्हणून तो सगळ्यात शेवटी.

कंपायलर मात्र चारहीसाठी एकच. फोर्ट्रानच्या मॉड फाइल्स (कंपाइल करताना तयार होणाऱ्या मॉड्यूलच्या फाइल्स) एका कंपायलरने बनवल्या की दुसऱ्याला वाचता येत नाहीत, जीफोर्ट्रानने लायब्ररी बनवून इंटेलने मॉडेल कंपाइल करायला गेलात तर दिवस वाया गेलाच समजा.

गेल्या वर्षी कोल्हापूरची एक मुलगी तीन दिवस अडकली होती. नेटसीडीएफचं कॉन्फिगर चालायचं आणि एचडीएफ५ सापडत नाही म्हणून थांबायचं, एचडीएफ५ तर तिने दोनदा नव्याने बिल्ड केलं होतं. मी तिच्या शेजारी बसले आणि कॉन्फिग-लॉग उघडायला लावला. स्क्रीनवरचा शेवटचा मेसेज वाचून काही कळत नाही, खरं कारण लॉगमध्ये असतं, ‘एरर’ शोधत वर वर जायचं. तिथे दिसलं की लिंक करताना झेडलिब मिळत नव्हतं. तिने इन्क्लूडचा (हेडर फाइल्सचा) रस्ता सीपीपीफ्लॅग्समध्ये दिला होता पण लिबचा (लायब्ररीचा) रस्ता एलडीफ्लॅग्समध्ये द्यायचा राहिला होता. तो दिला, कॉन्फिगर पार झालं, आणि मेक चेकला (बिल्डची चाचणी घेणारी कमांड) परत बोंब, एचडीएफ५ चं व्हर्जन जुळत नाही म्हणे! तेव्हा ‘विच’ ही कमांड लावून एचफाइव्हसीसी (एचडीएफ५ सोबत येणारं कंपाइल करायचं साधन) कुठून येतंय ते बघितलं तर कोंडाच्या (पायथनची पॅकेजं सांभाळणारं साधन) फोल्डरमधून. कोंडा स्वतःचं एचडीएफ५ घेऊन येतं आणि पाथमध्ये (प्रोग्राम शोधायच्या फोल्डरांच्या यादीत) पुढे जाऊन बसतं. म्हणून बिल्ड करायच्या आधी कोंडा डीअ‍ॅक्टिव्हेट करून नवीन टर्मिनल उघडा आणि जुनं बिल्ड पुसून पहिल्यापासून करा, मेक क्लीनच्या भरवशावर राहू नका. आणि व्हर्जनची तपासणी बंद करायची एक सोय आहे, कोणी ती सुचवली तरी वापरू नका, चुकीचा डेटा लिहिला गेला तर कळणारही नाही.

नेटसीडीएफला कर्ल (इंटरनेटवरून डेटा आणणारी लायब्ररी) नाही मिळालं तरी ते अडतं. इंटरनेटवरून डेटा वाचायचा नसेल तर डीएपी (तो दूरचा डेटा वाचायची सोय) बंद करून टाका, आपल्यापैकी बहुतेकांना ते लागत नाही. मेक चेक मात्र कधीच सोडू नका, एचडीएफ५ चं बराच वेळ चालतं, लावून जेवायला जा. शेवटी एलडी लायब्ररी पाथ (लायब्ररी कुठे शोधायच्या ते) बॅशआरसीमध्ये (टर्मिनल उघडताना वाचली जाणारी फाइल) टाका आणि वापरलेल्या सगळ्या कमांड एका फाइलमध्ये लिहून ठेवा, सहा महिन्यांनी सर्व्हर बदलला की ती फाइलच कामी येते.

झालं का हे तपासायला एनसी-कॉन्फिग चालवा, त्यात नेटसीडीएफ-४ पुढे ‘येस’ यायला हवं. मग पुण्याच्या हवामान खात्याची पाव अंशाची पावसाची फाइल घ्या आणि एनसीडंप (फाइलमधलं दाखवणारी कमांड) लावा. १२९ अक्षांश, १३५ रेखांश दिसतील. शून्यापासून मोजून ६५ वा अक्षांश आणि ३७ वा रेखांश, म्हणजे २२.७५ आणि ७५.७५, हा इंदूरचा ठिपका. तुम्ही इथे उतरलात त्या दिवसाचा पाऊस त्यात बघा, आणि तो आकडा मला फोन करून सांगा.