अखेरच्या मोहिमेवर निघालेले वृद्ध वीर : विनोदी फँटसी लिहिताना या चुका टाळा

विनोदी फँटसी लिहू पाहणाऱ्यांना वृद्ध वीरांची अखेरची मोहीम हा विषय हमखास खुणावतो. तलवार पेलणारा हात थरथरतो आहे, ज्या राक्षसाला चाळीस वर्षांपूर्वी लोळवले त्याची नातवंडे आता वेशीवर येऊन उभी आहेत, आणि तरीही चारपाच जुने सोबती पुन्हा एकदा घोड्यांवर खोगीर चढवतात, या चित्रात विनोद आणि करुणा दोन्ही आयते मिळतात. हे आयतेपणच घातक ठरते. अशा कथांचे पहिले दोन अध्याय बहुधा चांगले जमतात, तिसऱ्यापासून तेच विनोद फिरून येऊ लागतात आणि शेवटाकडे लेखक एकाएकी गंभीर होऊन वाचकाच्या डोळ्यांत पाणी आणण्याची खटपट करतो. या घसरणीची कारणे ठरावीक आहेत आणि त्यांतली बरीचशी लिहायला बसण्यापूर्वीच दूर करता येतात.

मोहिमेचे कारण कोणत्याही वयाला चालण्यासारखे असणे

माझ्या मते सर्वांत मोठी चूक ही आहे, आणि बाकीच्या बऱ्याच चुका तिच्यातूनच जन्मतात. राज्य संकटात आहे, राजाचा दूत येतो, वृद्ध वीर नाही-होय करत निघतात. या मांडणीत म्हाताऱ्यांच्या जागी पंचविशीतले तरुण बसवले तरी कथानकाला धक्का लागत नाही. म्हणजे वय हा केवळ वेश झाला. तपासणीची रीत सोपी आहे : मोहिमेचे कारण एका वाक्यात लिहावे आणि तेच वाक्य एखाद्या तरुणाच्या तोंडी घालून पाहावे. ते त्याच्या तोंडी सहज शोभले, तर कारण बदलायला हवे.

तरुण वीराची मोहीम बहुतेक वेळा काहीतरी मिळवण्यासाठी असते : खजिना, राज्य, कीर्ती, प्रेम. वृद्ध वीराची मोहीम काहीतरी परत करण्यासाठी किंवा चुकते करण्यासाठी असली, की ती लगेच त्याच्या वयाची होते. इंग्रज विनोदी फँटसी-लेखक टेरी प्रॅचेट यांच्या २००१ साली प्रसिद्ध झालेल्या 'द लास्ट हीरो' या सचित्र कादंबरीचे सारे बळ या एका निवडीत आहे. पहिल्या वीराने देवांकडून अग्नी चोरला होता. शेवटच्या पिढीचे वीर तो परत करायला निघतात, तोही व्याजासह, म्हणजे स्फोटकांनी भरलेल्या पिंपाच्या रूपाने. त्यांच्या संतापाचे तात्कालिक कारण असे, की त्यांच्यातला एक जण रणांगणावर न मरता जेवताना घशात काकडी अडकून मेला. प्रसंग हास्यास्पद आहे, पण त्यामागचा प्रश्न खरा आहे : आयुष्यभर मृत्यूशी झुंजलेल्या माणसाला असे मरण का यावे? हा प्रश्न पंचविशीतल्या माणसाला पडणार नाही.

परत करण्याची ही कल्पना महाभारतात फार पूर्वी येऊन गेली आहे. मौसलपर्वात अर्जुन द्वारकेतून यादवांच्या स्त्रियांना घेऊन निघतो, वाटेत आभीर नुसत्या काठ्या घेऊन तुटून पडतात, आणि त्याला गांडीवाला प्रत्यंचा चढवतानाही कष्ट पडतात; अस्त्रे आठवत नाहीत, अक्षय मानलेले बाण संपतात. पुढे महाप्रस्थानिकपर्वात अग्नी समोर उभा राहून गांडीव वरुणाला परत करायला सांगतो आणि अर्जुन ते पाण्यात सोडतो. तो प्रसंग विनोदी नाही, परंतु विनोदी लेखकाने त्याची रचना अवश्य अभ्यासावी : आधी सामर्थ्य हातातून निसटते, मग कोणीतरी सांगते की काम संपले, आणि मगच शस्त्र ज्याचे त्याला दिले जाते. तुमच्या वीरांनी तरुणपणी काय उचलून आणले होते, कोणाचे वचन मोडले होते, कोणता सोबती मागे सोडला होता, याची यादी केली तर मोहिमेचे कारण बहुधा तिच्यातच सापडेल.

शरीराची थट्टा आहे, शरीराची माहिती नाही

गुडघे कुरकुरतात, पाठ धरते, दात नाहीत. प्रत्येक कथेत हे तिन्ही विनोद असतात आणि एकेकदा ते चालूनही जातात. अडचण अशी, की वृद्धत्व हे एकसारखे क्षीण होणे आहे असे लेखक गृहीत धरतो. प्रत्यक्षात शरीर असमान रीतीने म्हातारे होते, आणि कथेसाठी सगळी मौज या असमानतेत आहे.

डोळ्यांचेच पाहा. चाळिशीच्या आसपास जवळचे स्पष्ट दिसणे कमी होऊ लागते, दूरचे मात्र पुष्कळदा ठीक दिसत राहते. त्यामुळे म्हातारा धनुर्धर पलीकडच्या बुरुजावरचा पहारेकरी अचूक टिपू शकतो, पण हातातला नकाशा त्याला वाचता येत नाही. कानांना उंच पट्टीचे ध्वनी आधी ऐकू येईनासे होतात. स, श, फ यांसारखी व्यंजने त्यात हरवतात, म्हणून माणूस बोलतो आहे हे कळते, काय बोलतो आहे ते कळत नाही, आणि गोंगाटात तर अधिकच. अशा माणसावर ओरडले तरी शब्द स्पष्ट होत नाहीत. स्नायूंचे वस्तुमान तिशीनंतर दर दशकात साधारण ३ ते ८ टक्क्यांनी घटते आणि साठीनंतर ही घट वेगाने होते. पण झटका देण्याची ताकद चिवटपणाच्या आधी जाते. म्हणजे दिवसभर चालणे त्यांना जमू शकते, जमिनीवरून चटकन उठणे जमत नाही. झोप उथळ होते आणि पहाटे लवकर जाग येते, त्यामुळे शेवटच्या प्रहराच्या पहाऱ्याला त्यांच्याइतका योग्य माणूस नाही. अंधारात डोळे सरावायला वेळ लागतो, म्हणून त्याच पहाऱ्यावर शेकोटीकडे पाहत बसणे त्यांना महागात पडते. कालचे नाव आठवत नाही, पण हाताला मुरलेले कौशल्य बरेच टिकते. तलवार म्यानातून काढताना मेंदूला आठवावे लागत नाही.

ही माहिती हाताशी असली की विनोद आपोआप नेमका होतो. त्याहून महत्त्वाची दुसरी अट अशी, की शारीरिक उणीव जेव्हा जेव्हा दिसेल तेव्हा तिच्यामुळे कथानकात काहीतरी बदलले पाहिजे. गोंगाटाच्या खानावळीत किल्ल्याचे नाव चुकीचे ऐकू आले, तर मंडळी खरोखरच चुकीच्या किल्ल्यावर पोहोचली पाहिजेत, आणि तिथे त्यांच्या हाती असे काही लागले पाहिजे जे योग्य किल्ल्यावर लागले नसते. पहिल्यांदा गुडघा आखडला तेव्हा वाचक हसेल. दुसऱ्यांदा आखडला तेव्हा त्या विलंबाने कोणाचा तरी जीव वाचावा किंवा जावा. तिसऱ्यांदा आखडण्याची वेळ आली आणि परिणाम काहीच नसेल, तर ते वाक्य खोडावे.

कच्चा मसुदा तपासताना एका अध्यायातील कण्हण्याकुंथण्याच्या सर्व जागा अधोरेखित कराव्यात. त्या काढून टाकल्यावर प्रसंग जसाच्या तसा उभा राहत असेल, तर विनोद वरून चिकटवलेला आहे.

ते अजून जिवंत का आहेत, याचे उत्तर नसणे

ज्या धंद्यात बहुतेक जण तरुणपणी मरतात त्या धंद्यात पांढरी दाढी हा कर्तबगारीचा पुरावा असतो. ही साधी गोष्ट विसरली की वीर बावळट होतात, योगायोगाने वाचतात, आणि वाचकाचा त्यांच्यावरचा विश्वास उडतो. प्रॅचेट यांचा कोहेन, म्हणजे 'द लास्ट हीरो'मधल्या वीरांचा म्होरक्या, १९८६ मध्ये प्रथम अवतरला तेव्हापासूनच म्हातारा होता, आणि १९९४ च्या 'इंटरेस्टिंग टाइम्स'मध्ये त्याचे मूठभर वयस्कर सोबती प्रचंड सैन्यांसमोर उभे राहतात. तिथे हसू येते ते समोरच्यांच्या गैरसमजामुळे. शत्रूला म्हातारे दिसतात; वाचकाला मात्र माहीत असते की न मरण्याचा इतका दीर्घ अनुभव त्या मैदानात दुसऱ्या कोणाकडे नाही.

म्हणून प्रत्येक वीराला टिकून राहण्याची एक स्वतःची रीत द्यावी. एक जण कधीच पहिला वार करत नाही. एकीला पळायचे केव्हा हे अचूक कळते आणि त्याची तिला लाज वाटत नाही. कोणी प्रत्येक दालनात शिरताना बाहेर पडण्याची वाट आधी पाहून ठेवतो. या सवयी सुरुवातीला विक्षिप्तपणा म्हणून दाखवाव्यात आणि संकटात त्यांचा उपयोग उलगडावा. वाचक आधी ज्याला हसला तेच कौशल्य होते हे त्याला नंतर कळते, आणि ते त्याला कळू देण्यासाठी लेखकाने संयम ठेवावा. सवयीचे स्पष्टीकरण आधीच देऊन टाकू नये.

वीर म्हातारे झाले, जग मात्र जागच्या जागी

चाळीस वर्षांत वीरांचे केस पिकतात आणि राज्ये, रस्ते, राक्षस, जादूगारांचे नियम तसेच राहतात, हे अनेक मसुद्यांत आढळते. मग वृद्ध वीर आणि जग यांच्यात अंतरच पडत नाही, आणि या प्रकारचा सर्वांत समृद्ध विनोद त्या अंतरातूनच येतो. जिथे ड्रॅगनची गुहा होती तिथे आता पथकर वसूल करणारी चौकी असेल. ज्या देवतेला कौल लावला होता तिचे भक्तच उरले नसतील. शापित जंगल तोडून शेती झाली असेल आणि तिथल्या शेतकऱ्याला शाप म्हणजे काय हेच ठाऊक नसेल.

जुने शत्रूही म्हातारे झालेले असावेत. 'द लास्ट हीरो'मध्ये एक 'डार्क लॉर्ड', म्हणजे जुन्या धाटणीचा दुष्ट अधिपती आहे. तोही परंपरेचे नियम पाळतो, आणि वीरांना त्याच्याविषयी जवळीक वाटते, कारण दोन्ही बाजूंचे नियम ठाऊक असणारे आता तेवढेच उरले आहेत. नव्या पिढीचा खलनायक नियम मोडत नाही, त्याला ते माहीतच नसतात. या फरकावर एक अख्खा अध्याय उभा राहू शकतो.

वीरांची कीर्ती हा या बदललेल्या जगाचाच भाग आहे. स्पॅनिश लेखक सर्व्हान्तेसचा डॉन किहोते, म्हणजे शौर्यकथा वाचून स्वतःच वीर बनून निघालेला गृहस्थ, १६०५ च्या पहिल्या भागात पन्नाशीला टेकलेला आहे; १६१५ च्या दुसऱ्या भागात त्याला अशी माणसे भेटतात ज्यांनी पहिला भाग वाचला आहे, आणि एक सरदार दांपत्य त्या ओळखीच्या जोरावर त्याच्यासाठी बनावट साहसे रचते. आपल्याच आख्यायिकेला सामोरे जाण्याची वेळ प्रत्येक वृद्ध वीरावर यावी. पोवाड्यात त्याने एकट्याने मारलेला राक्षस प्रत्यक्षात दुसऱ्याच सोबत्याने मारला असेल, आणि तो सोबती शेजारीच बसून पोवाडा ऐकत असेल, तर त्या दोघांनी एकमेकांकडे पाहावे की पाहू नये, एवढ्या प्रश्नावरही प्रसंग रंगतो.

सगळ्यांचा एकच आवाज

पाच म्हातारे, पाचही तिरसट. संवादांतली नावे झाकून वाचावे; कोण बोलते आहे हे ओळखता आले नाही तर दोष स्वभावरेखनात आहे. वयाकडे पाहण्याची प्रत्येकाची दृष्टी वेगळी ठेवली की आवाज वेगळे होतात : एकाला आपण म्हातारे झालो हे मान्य नाही, एकाला सुटल्यासारखे वाटते, एकीला कोणी विचारत नाही याचा राग आहे, तर एकाने मरणाची तयारी इतकी आधी केली आहे की आता त्याला कंटाळा आला आहे. मराठीत संबोधनांचाही उपयोग होतो. जुने सोबती अरेतुरेवर असतात, आणि एखाद्याने भांडणानंतर अचानक 'आपण' म्हणायला सुरुवात केली तर वेगळे वर्णन करावे लागत नाही. वृद्ध वीरांगनांना केवळ कोणाची तरी जुनी प्रेयसी म्हणून आणू नये. तिचीही शस्त्रे, हिशेब आणि शत्रू असावेत.

तरुण सोबत्याबद्दल थोडेच सांगायचे आहे. तो वाचकाच्या वतीने म्हाताऱ्यांना हसण्यासाठी ठेवलेला असेल तर काढून टाकावा. त्याला स्वतःला काहीतरी हवे असेल आणि ते या मंडळींखेरीज दुसऱ्या कोणाकडून मिळणार नसेल, तरच तो राहावा.

शेवट फसतो तेव्हा

तीन शेवट वारंवार दिसतात आणि तिन्ही कमकुवत आहेत. जादूने वीरांना तारुण्य परत मिळते. असे झाले की आधीच्या सगळ्या पानांनी जे मानले ते रद्द होते. सगळे सुखरूप घरी परततात. मग मोहीम अखेरची का म्हणायची? किंवा विनोद एकदम थांबतो आणि प्रत्येकाला मरणापूर्वी लांबलचक भाषण मिळते.

तिसऱ्या दोषाची दुरुस्ती मागे जाऊन करावी लागते. पुस्तकाच्या पहिल्या तृतीयांशातच एक खरे नुकसान घडू द्यावे, म्हणजे या जगात हसणे आणि मरणे एकत्र राहू शकते हे वाचकाला आधीच माहीत होते आणि शेवटी सूर बदलावा लागत नाही. मृत्यूच्या प्रसंगात विनोद अवश्य असावा, पण तो मरणाऱ्याचा असावा. निवेदकाने त्या क्षणी मागे सरावे. पुस्तकभर कंजूष असलेला वीर शेवटच्या श्वासालाही उधारी मागत असेल तर तो त्याचा स्वभाव आहे, आणि तिथे येणारे हसू दुःखाला पातळ करत नाही.

मोहीम परत करण्याची असेल तर शेवटाची आणखी एक अडचण पाहून ठेवावी : ज्याला परत करायचे तो ते स्वीकारेलच असे नाही. देव झोपलेले असतील, ज्याचे ऋण होते तो केव्हाच मेला असेल, त्याच्या मुलांना ती वस्तू नकोशी असेल. वीरांनी तिथे काय करायचे हे लेखकाने पहिला अध्याय लिहिण्यापूर्वी ठरवून ठेवावे, कारण वस्तू किती जड, किती धोकादायक आणि वाटेत कोणाकोणाच्या हाती पडलेली असायला हवी, हे सारे त्या उत्तरावर अवलंबून आहे.