फाइल शोधताना मेलचा ढीग वर येतो? या चुका टाळा

मार्च जवळ आला की सांगलीतल्या कर सल्लागारांचे आणि मार्केट यार्डातल्या अडत्यांचे फोन सुरू होतात. "पार्टीचं नाव टाकलं की बिल राहतं बाजूला, नुसते मेल येतात." विंडोज सर्च फाइलींची एक सूची, म्हणजे इंडेक्स, करून ठेवतं. क्लासिक आउटलुक, म्हणजे मायक्रोसॉफ्टचा जुन्या पद्धतीचा मेल प्रोग्राम, असेल तर त्यातले मेलही आपोआप त्याच इंडेक्समध्ये जातात. तेव्हा मेल काढायचे ते इंडेक्समधून, कॉम्प्युटरमधून नव्हे.

मेलची फाइलच उडवणं

यासारखी दुसरी वाईट चूक नाही. एका हळद व्यापाऱ्याच्या ऑफिसात मालकानं नव्या मुलाला सांगितलं, "कसंही कर, पण हे मेल काढ." मुलाला डॉक्युमेंट्समध्ये 'आउटलुक फाइल्स' नावाचं फोल्डर दिसलं. आत एक भलीमोठी पीएसटी फाइल होती, म्हणजे आउटलुक मेल ज्यात साठवतं ती फाइल. त्यानं शिफ्ट धरून डिलीट मारलं. सर्चमधले मेल गेले, मालक खूश झाले. दुसऱ्या दिवशी आउटलुक उघडलं तर आत काहीच नाही. खातं पॉपचं, म्हणजे मेल सर्व्हरवरून कॉम्प्युटरवर उतरवून घेणारं, होतं आणि सर्व्हरवर प्रत न ठेवण्याचं सेटिंग होतं, म्हणजे ती फाइल हीच एकमेव प्रत. राजापुरी हळदीचे सौदे, परराज्यातल्या पार्ट्यांशी ठरलेले भाव, वजनातल्या तुटीच्या तक्रारी, सगळं तिच्यातच. रिकव्हरीत फाइलीचा काही भाग निघाला, तो स्कॅनपीएसटी या आउटलुकच्या दुरुस्तीच्या टूलनं दुरुस्त केला, तरी बराच पत्रव्यवहार गेला तो गेलाच. मी त्या मुलाला दोष देत नाही. "कसंही कर" म्हणणाऱ्यांना देतो.

खरं काम दोन मिनिटांचं आहे. स्टार्टमध्ये 'इंडेक्सिंग ऑप्शन्स' शोधा, 'मॉडिफाय' दाबा, मायक्रोसॉफ्ट आउटलुकपुढची टिक काढा, ओके करा. मेल जागच्या जागी राहतात. मात्र यानंतर आउटलुकच्या आतलं शोधणं मंदावतं, कधी अपुरंही पडतं. म्हणून जिथे दिवसभर जुने मेल चाळावे लागतात, तिथे मी ही टिक काढत नाही. आधी पार्टीच्या फोल्डरमध्ये जा आणि तिथल्याच सर्चमध्ये नाव टाका, असं सांगतो. तिथे फक्त त्या फोल्डरमधल्या फाइली येतात. त्यासाठी पार्टीवार फोल्डर हवेत. सगळं डेस्कटॉपवर टाकणाऱ्यांना कुठलंच सेटिंग तारणार नाही.

सारखं 'रीबिल्ड' दाबणं

टिक काढल्यावर मेल आपसूक कमी होत जातात, बहुतेक वेळा रीबिल्डची, म्हणजे 'इंडेक्सिंग ऑप्शन्स'मधून सगळा इंडेक्स नव्यानं करायला लावण्याची, गरजच नसते. पण लोकांना धीर नाही. रीबिल्ड दाबतात, अर्ध्या तासानं काही सापडलं नाही म्हणून पुन्हा दाबतात. दर वेळी इंडेक्स पुसून पहिल्यापासून सुरू होतो, आणि तुम्ही काम करत असता तेव्हा तो मुद्दाम हळू चालतो. रीबिल्ड करायचंच असेल तर मी संध्याकाळी ऑफिस बंद होताना लावतो, स्लीप बंद करून. सकाळी त्याच खिडकीत 'इंडेक्सिंग कम्प्लीट' दिसलं की मगच शोधायला बसायचं.

बाकीच्या चुका

विंडोज सर्च सर्व्हिसच बंद करू नका, फाइलींचं शोधणंही लंगडं होतं.

मेल ओढून डेस्कटॉपवर टाकू नका. तो एमएसजी फाइल बनतो आणि आउटलुकची टिक काढली तरी सर्चमध्ये येतच राहतो. जोडलेलं बिल तेवढं सेव्ह करा.

आउटलुकऐवजी थंडरबर्ड हा मेल प्रोग्राम वापरत असाल तर त्याच्या सेटिंगमध्ये विंडोज सर्चला मेल शोधू देण्याची वेगळी टिक आहे, ती तिथेच काढा.

'स्कॅन००१' असल्या नावाची फाइल मेल हटवूनही सापडणार नाही. मी वर्ष, महिना, पार्टी या क्रमानं नाव देतो.

आणि जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली मराठी पत्रं मराठी शब्द टाकून सापडत नाहीत. पडद्यावर 'हळद' दिसतं, फाइलीत मात्र भलतीच अक्षरं साठवलेली असतात. निदान फाइलीचं नाव तरी युनिकोडमध्ये द्या.